नऊ नंबरची घाई

सर्व्हर बंद करायचा तर 'किल -९' द्यावा आणि मोकळे व्हावे, डेटाबेस आपले आपण सावरून घेतो, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या मागे विचारही आहे. कोसळून नीट उठणाऱ्या प्रोग्रॅमला बंद करण्याची वेगळी वाट लागतच नाही, हे जॉर्ज कँडिया आणि अरमांडो फॉक्स यांनी २००३ मध्येच मांडले होते. पण बालाघाट जिल्ह्यातले एखादे धानखरेदी केंद्र डोळ्यांपुढे आणा. पोती काट्यावरून उतरली, ऑपरेटरने कळ दाबली, नोंद डेटाबेसमध्ये पक्की झाली आणि पावती परत निघण्याआधीच सर्व्हरवर नऊ नंबर पडला. डेटाबेसच्या लेखी सारे ठीक, पडद्यावर मात्र चक्र फिरतेच आहे. ऑपरेटरने पुन्हा कळ दाबली तर तेच धान दोनदा चढते. न दाबली तर शेतकरी पावतीविना ताटकळतो. डेटाबेस आपली वही राखतो, अर्धवट राहिलेले उत्तर पोचवणे हे त्याचे काम नव्हे.

प्रत्येक विनंतीला स्वतंत्र क्रमांक द्या, म्हणजे दुबार नोंद होणार नाही, असा यावर आक्षेप येईल. क्रमांक द्यायलाच हवा, कारण वीज सिग्नल पाठवून जात नाही. पण नवी आवृत्ती चढवणे हा काही अपघात नव्हे. ठरवून करायच्या कामात शेतकऱ्याला अपघाताचा भुर्दंड का? सिगटर्म, म्हणजे १५ नंबर, आणि कंट्रोल-सीचा सिगइंट प्रोग्रॅमला झेलता येतात; सिगकिल, म्हणजे नऊ नंबर, झेलता येत नाही. झेलणाऱ्या फंक्शनने मात्र फक्त एक खूण उभी करावी. सिग्नल मेमरी-वाटपाच्या ऐन मध्यात येऊ शकतो, तिथेच लॉग लिहू गेलात तर प्रोग्रॅम स्वतःच्याच कुलपात अडकेल. खूण दिसताच मुख्य प्रवाहाने नव्या जोडण्या थांबवाव्यात, हातातल्या विनंत्या पुऱ्या कराव्यात आणि डेटाबेस शेवटी सोडावा. हा क्रम उलटला की सगळे मुसळ केरात.

एखादी विनंती लटकली तर? म्हणून मुदत हवी, आणि ती वरच्या यंत्रणेच्या मुदतीपेक्षा कमी. काही बदलले नसेल तर डॉकर साधारण १० सेकंद थांबतो, कुबरनेटीस ३०, सिस्टमडी ९०; मग नऊ नंबर येतोच. "सगळे लिहिले, तरी उपयोग झाला नाही," अशी तक्रार असेल तर कंटेनर बंद व्हायला बरोबर १० सेकंद लागतात का, ते पाहावे. लागत असतील तर बहुधा १५ नंबर मधल्या शेलपाशीच अडला आहे आणि तुमच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचलेलाच नाही.