फ्लाइट मोडमध्ये बोलतो का?

विद्यार्थ्याच्या हाती मोबाइल किंवा टॅब देण्याआधी विशेष शिक्षकाने त्या यंत्राची एक परीक्षा घ्यावी. फ्लाइट मोड चालू करायचा, वाय-फाय बंद आहे ना ते बघायचे आणि पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद वाचायला लावायचा. यंत्र मराठीत बोलले तर ते विद्यार्थ्याचे. गप्प बसले तर ते अजून गटसाधन केंद्राचेच आहे, कारण ते तिथेच बोलणार.

जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात किंवा पालम-गंगाखेडच्या बालाघाटाकडच्या तांड्यांवर फिरणाऱ्यांना रेंजचे दुखणे नव्याने सांगायला नको. पण नेट नसण्याचे कारण दरवेळी टॉवर नसतो. रिचार्ज संपलेला असतो. घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो ऊसतोडीला गेलेल्या बापाच्या खिशात असतो. परभणी शहरातल्या घरातही दिवसाचा डेटा दुपारी संपतो. म्हणून बिननेटाच्या आवाजाचा विचार केवळ दुर्गम गावांपुरता करू नये.

प्रशिक्षणात मात्र उलटे घडते. सभागृहात वाय-फाय असते, मोठा पडदा असतो. मायक्रोसॉफ्टचे ‘आरोही’ आणि ‘मनोहर’ हे मराठी आवाज एज ब्राउझरमधून ऐकवले जातात आणि माणसागत बोलतात म्हणून सगळे खूश होतात. आवाज खरोखरच छान आहेत. पण ते दूरच्या सर्व्हरवर तयार होऊन येतात. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’च्या बहुतांश सेवांचेही तेच. सभागृहातून बाहेर पडून पूर्णेच्या एसटीत बसेपर्यंत त्या शिकवणीचा उपयोग संपलेला असतो.

गंमत म्हणजे बिननेटाचे बोलणे हाच यातला जुना रस्ता आहे. या शतकाच्या सुरुवातीला बंगळुरूच्या अभियंत्यांनी ‘सिम्प्युटर’ हे हातात मावणारे यंत्र बनवले, तेव्हा भारतीय भाषांतला मजकूर वाचून दाखवणे हा त्याच्या कल्पनेचाच भाग होता. त्यातून पुढे आलेल्या ‘ध्वनी’ या मुक्त प्रणालीत मराठीही आली. तेव्हा यंत्राने बोलायचे तर स्वतःच्या पोटातून बोलायचे, दुसरी सोयच नव्हती.

आज त्या रस्त्यावरचा भरवशाचा गडी म्हणजे ‘ईस्पीक एनजी’. जोनाथन डडिंग्टन यांनी 1995 मध्ये एकॉर्न संगणकांसाठी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा हा वंशज. तो माणसाच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे तुकडे जोडत नाही, गणिताने आवाज घडवतो. म्हणून अनेक भाषा पोटात घेऊनही तो काही एमबीत मावतो, जुन्या फोनवर चालतो आणि फुकट आहे. मराठी त्यात आहे.

त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे, हे मान्य. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च लिहिताना सारखाच, म्हणून उच्चारात तो फसू शकतो. पहिल्यांदा ऐकणारा पालक कपाळाला आठ्या घालतो आणि आपले काही सहकारीही ‘हे मुलाला कसे द्यायचे’ म्हणून ते बाजूला ठेवतात. इथे आमचे मत वेगळे आहे. सराईत दृष्टिहीन वापरकर्त्यांपैकी कितीतरी जण चांगले आवाज हाताशी असूनही ईस्पीकच ठेवतात. बटण दाबताच तो बोलतो, आणि वेग खूप वाढवला तरी शब्द विरघळत नाहीत. गोड आवाज त्या वेगात गुळमुळीत होतो. दहावीचे इतिहासाचे पुस्तक परीक्षेआधी पुन्हा ऐकायचे असेल तर वेगालाच किंमत आहे. कान तयार व्हायला काही आठवडे लागतात, ते द्यावेत. ब्रेल शिकवताना बोट तयार व्हायला आपण वेळ देतोच की.

वाचन-अक्षमता असलेल्या मुलाचे गणित मात्र निराळे. तो अक्षर बघत ऐकतो, त्याला नैसर्गिक उच्चार हवा. त्याच्यासाठी अँड्रॉइडवरचा गूगलचा मराठी आवाज बरा. ‘टेक्स्ट-टू-स्पीच’च्या सेटिंगमध्ये जाऊन मराठीचा व्हॉइस डेटा एकदा नेटवर उतरवून घेतला की पुढे तो नेटशिवाय चालतो. हा डेटा एका फोनवरून दुसऱ्यावर ब्लूटूथने पाठवता येत नाही, प्रत्येक फोनवर वेगळा उतरवावा लागतो. म्हणून साहित्य वाटपाच्या दिवशीच, केंद्रातल्या वाय-फायवर, सगळ्या फोनवर हे काम उरकावे. ईस्पीकची फाइल मेमरी कार्डातून कुठेही नेता येते.

शाळेच्या संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ आहे. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांच्या कामातून उभे राहिलेले हे मोफत स्क्रीन रीडर ईस्पीक पोटात घेऊनच येते. त्याची पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर ठेवली की शाळेच्या संगणकात काहीही न बसवता ते चालते, त्यामुळे ‘लॅबच्या मशीनला हात लावू नका’ म्हणणाऱ्या गुरुजींशी वाद नको. विंडोजमधल्या ‘हेमंत’, ‘कल्पना’ या हिंदी आवाजांवर मराठी भागवण्याचा मोह टाळावा. देवनागरी ते वाचतील, पण 25 आले की ‘पच्चीस’ म्हणतील, आणि पाढे पाठ करणाऱ्या पोराचा घोळ होईल.

ज्यांच्या घरी स्मार्टफोनच नाही त्यांच्यासाठी हरिपाठ वाजवणारा मेमरी कार्डाचा छोटा स्पीकर बघा. तो गावोगाव आहे. संगणकावर ‘बालाबोल्का’, फोनवर ‘ॲट व्हॉइस’ ही साधने मजकुराची ध्वनिफीत करून देतात. धडा एका फाइलीत, फाइलीचे नाव धड्याच्या क्रमांकाने, इतकी शिस्त पाळली तर आजीसुद्धा लावून देईल. 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालया’तली पुस्तकेही आधी उतरवून ठेवता येतात.

या सगळ्यावर पाणी पडते ते मजकुराच्या फाइलीमुळे. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला कागद डोळ्यांना मराठी दिसतो. आत मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. यंत्र तीच वाचते आणि पोराला बडबड ऐकू येते. चूक आवाजाची नसते, पण शिव्या आवाजाला बसतात. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर अक्षरेच नसतात, नुसते चित्र असते. ‘टेसरॅक्ट’ हे मोफत साधन नेटशिवाय त्यातली मराठी ओळखते, मात्र नंतर एका माणसाला बसून चुका काढाव्या लागतात.

तेव्हा घटक चाचणीची प्रश्नपत्रिका टाइप होण्याआधी केंद्रातल्या ऑपरेटरला फोन करा आणि युनिकोडमध्येच करायला सांगा. छापील प्रतीसोबत ती वर्ड फाइलही मागून घ्या. पीडीएफ नको.