गिटारला आधी वीणा व्हावं लागतं का?

गिटार आपल्या शास्त्रीय मंचावर चालते, पण एका अटीवर: तिनं गिटारसारखं वागायचं नाही. माझं भांडण या अटीशी आहे.

ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, तारांवरून पट्टी सरकवत मींड काढली. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त संतूर आणि बासरीच्या शेजारी ती ऐकू येते. विश्वमोहन भट्टांनी तिला जादा तारा जोडल्या, नाव दिलं मोहनवीणा, आणि १९९४मध्ये ग्रॅमी मिळवलं. दोघांचंही काम मोठंच आहे. पण आपण त्यातून सोयीचा नियम काढला. जी गिटार वीणा झाली ती आत, आणि नायलॉनच्या तारा बोटांनी छेडत वाजणारी क्लासिकल गिटार बाहेर. का, तर ‘ती आपली नाही’.

मग पेटी कुठली होती? तीही युरोपातूनच आली. आकाशवाणीनं १९४०मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तोवर कीर्तनातली आणि नाटकातली पेटी काही थांबली नाही.

जाणकार म्हणतात, गिटारचे पडदे पक्के असतात, श्रुती नेमक्या लागत नाहीत, लांब मींड निघत नाही. खरं आहे. पण श्रुतींची हीच अडचण पेटीची, आणि मींड तर तिच्यातून निघतच नाही. तरी ती गवयाच्या शेजारी बसते. आणि गिटारनं राग वाजवलाच पाहिजे, असं कोण म्हणतंय? तिला तिचं संगीत वाजवू द्या की.

गंमत म्हणजे ही हेटाळणी गिटारनं स्वतःच्या घरीही सोसली आहे. स्पेनमध्ये तिला दारूच्या गुत्त्यातलं वाद्य म्हणत. आंद्रेस सेगोवियानं (१८९३–१९८७) आयुष्य घालवून तिला मोठ्या सभागृहांत नेलं. दुसऱ्या महायुद्धात आतड्याच्या तारा मिळेनाशा झाल्या, त्यानंतर नायलॉनच्या तारा आल्या, त्याही त्यानं आपल्याशा केल्या.

जालन्यात ऐकायला कोण येणार, असं विचारणाऱ्यांसाठी एक रात्र सांगतो. शहरातल्या एका छोट्या सभागृहात क्लासिकल गिटारची मैफल होती. माणसं पन्नासेक. आयोजकांनी वरातीला शोभतील असे दोन स्पीकर लावले होते. पहिले दोन-तीन तुकडे नुसते खणखणले. मागे लोक मोबाइल चाळत होते. मग लाईट गेली. पंखे थांबले, स्पीकर मुके झाले. वादक मात्र थांबला नाही. लोक खुर्च्या सरकवत पुढे आले आणि गप्प बसले.

त्यानं तारेगाची ‘रेक्युएर्दोस दे ला आलांब्रा’ घेतली. तीत अंगठा खालचे सूर धरतो आणि तीन बोटं एकाच तारेवर इतक्या झपाट्यानं पडतात, की तुटक सूर सलग ऐकू येतो. माझ्या शेजारी एक काका बसले होते, अंबडच्या दत्तजयंती महोत्सवाचे जुने श्रोते. ते पुटपुटले, “अरे, हा तर झाल्यासारखं वाजवतोय की!” त्यांना कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. रात्र-रात्र सतार ऐकलेल्या कानांनी ओळख आपोआप काढली.

म्हणजे या जिल्ह्यात कान तयार आहेत. अडतंय ते मंच देणाऱ्यांपाशी. आणि त्याची किंमत मोजतात ती मोबाइलवर बघून गिटार शिकणारी आपली पोरं. घरात ‘टाईमपास’ ऐकायचं, क्लासमध्ये ‘हे शास्त्रीय नाही’ ऐकायचं, आणि शेवटी चार कॉर्डवर सिनेमाची गाणी वाजवून गिटार कपाटावर टाकायची. त्यांनी हे वाद्य पूर्ण ताकदीनं समोर वाजताना ऐकलेलंच नसतं.

मागणी मोठी नाही. जिल्ह्यातल्या संगीत मंडळांनी वर्षातली एक रात्र द्यावी. खोली लहान असावी, दारं-खिडक्या लावलेल्या असाव्यात, माइक नसावा. आणि पत्रिकेवर वाद्याचं नाव सरळ छापावं: गिटार.