तलाव छोटा असला तरी पाळ धरणाचीच असते. मग ती तपासतं कोण?

पहिला दणक्याचा पाऊस झाला की सोनाळा, टुनकी, वरवट बकालकडच्या पोरांचे स्टेटस हिरवे होतात. मागे सातपुडा, पुढे तुडुंब भरलेलं पाणी आणि मध्ये पाळीवर उभं राहून काढलेला सेल्फी. यात चूक काहीच नाही. विदर्भात उन्हाळा सोसलेल्या माणसाला भरलेलं पाणी बघायचा पूर्ण हक्क आहे.

पण आपण जिच्यावर उभे असतो ती 'पाळ' म्हणजे नेमकं काय? ती मातीच्या धरणाची भिंत असते. तलाव गावचा असो, पाझर तलाव असो की फिरायला जाण्यापुरता अडवलेला ओढा, काम तेच आणि धोकाही त्याच जातीचा.

आता आकडा बघू. १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद आणि सरासरी ३ मीटर खोल तलाव. गावाच्या हिशोबाने हा लहानच. यात ३० हजार घनमीटर पाणी मावतं, म्हणजे ३ कोटी लिटर. वजन ३० हजार टन. हे सगळं मातीच्या एका ढिगाऱ्याने थोपवून धरलेलं असतं, आणि खाली कुणाचं तरी शेत, गोठा, घर असतं.

सोनाळ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. गाव संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. वर अंबाबरवा अभयारण्याचे डोंगर. उतारावर पडलेला पाऊस सपाटीवर यायला फार वेळ घेत नाही. २२ जुलै २०२३ ला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी झाली तेव्हा हे सगळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे 'रोज एवढंच पाणी असतं' हा अंदाज इथे एका रात्रीत खोटा ठरू शकतो.

तुम्ही म्हणाल, धरणांवर लक्ष ठेवायला सरकार आहे ना? आहे, पण मोठ्या धरणांवर. जवळच वारी भैरवगडला वान नदीवरचं हनुमान सागर धरण घ्या. तिथे दरवाजे आहेत, अभियंते आहेत, पाणी सोडायच्या आधी नदीकाठच्या गावांना इशारा जातो. शिवाय देशात २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा आला. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासणी करा, आपत्तीचा आराखडा तयार ठेवा, असं तो धरणाच्या मालकाला सांगतो.

मेख व्याख्येत आहे. हा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. उंची १० ते १५ मीटर असेल तर भिंतीची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान १० लाख घनमीटर, अशा अटींपैकी एखादी तरी पूर्ण व्हावी लागते. १० मीटरच्या आतलं धरण या कायद्याच्या हिशोबात येतच नाही. आपला ३० हजार घनमीटरचा तलाव तर कुठल्या कुठे राहिला.

मग तो कुणाचा? महाराष्ट्रात याची वाटणी सिंचन क्षमतेवर होते. १०० हेक्टरपर्यंतच्या योजना जिल्हा परिषदेकडे, १०१ ते ६०० हेक्टर मृद व जलसंधारण विभागाकडे, त्यापुढच्या जलसंपदाकडे. काही तलाव ग्रामपंचायतीचे, काही वन विभागाच्या हद्दीत, शहरात महापालिकेचे. कागदावर सगळं नीट दिसतं. प्रत्यक्षात बांधलं एकाने, हस्तांतर दुसऱ्याला, मासेमारीचा ठेका तिसऱ्याला आणि बाकडी बसवली चौथ्याने. पाळीला भेग पडली की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

मातीचं धरण फुटतं कसं, हे एकदा समजून घेतलं की बाकीचं सोपं होतं. मुख्य कारणं दोन. एक म्हणजे पाणी पाळीवरून वाहू लागणं. सिमेंटची भिंत हे काही काळ सहन करते, माती करत नाही. वरून धार लागली की मागचा उतार कापला जातो, घळ पडते आणि ती बघता बघता खोल होत जाते. म्हणूनच प्रत्येक तलावाला सांडवा असतो, म्हणजे जादा पाणी बाजूने निघून जायची वाट. तलावात सगळ्यात महत्त्वाची जागा कुठली विचाराल तर पाण्यापेक्षाही सांडवा. आणि सगळ्यात जास्त हेळसांड त्याचीच होते. थोडं जास्त पाणी साठावं म्हणून कुणी त्यात मातीची पोती टाकतं, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून कुणी जाळी लावतं, तिच्यात काटक्या-कचरा अडकतो. पुढे कुणाची तरी वहिवाट येते.

दुसरं कारण डोळ्याला दिसत नाही. पाळीच्या आतून पाणी झिरपतं. थोडं झिरपणं मातीच्या धरणात चालतंच. पण बाहेर येणारं पाणी गढूळ असेल, तर ते पाळीच्या पोटातली माती घेऊन येतंय, म्हणजे आत पोकळी तयार होतेय. उंदीर-घुशींची बिळं आणि मेलेल्या झाडांची कुजलेली मुळं या पाण्याला आयती वाट करून देतात. पाळीवर वाढलेलं मोठं झाड सावलीला छान, धरणाला वाईट.

इथे तिवरे आठवतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण तालुक्यातलं हे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि २० हून जास्त माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांमुळे धरण फुटल्याचं सांगितलं, आणि त्यावर मीम्सचा पाऊस पडला. गंमत बाजूला ठेवली तर प्राण्यांची बिळं पाळीला कमजोर करतात हे खरं आहे. पण कुठलाही प्राणी एका रात्रीत धरण पोखरत नाही. बीळ दिसतं, मोजता येतं, बुजवता येतं. त्यासाठी कुणीतरी पाळीवरून चालत जावं लागतं. खेकड्याचं नाव घेतलं की हा प्रश्न मागे पडतो.

फिरायच्या तलावाचं सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र आपल्या विदर्भातलंच आहे. नागपूरचा अंबाझरी तलाव. भोसल्यांच्या काळातला, बाजूला उद्यान, संध्याकाळी अर्धं नागपूर तिथे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. तलाव सांडव्यावरून धो धो वाहिला आणि खालच्या अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी भागात लोक झोपेत असतानाच घरात पाणी शिरलं. हजारो घरांचं नुकसान झालं, माणसंही दगावली.

लक्षात घ्या, अंबाझरीची पाळ फुटली नव्हती. पाणी जिथून जायला हवं तिथूनच गेलं. पण सांडव्याच्या पुढ्यातच स्वामी विवेकानंदांचं स्मारक उभं होतं, आणि खालची नाग नदी ठिकठिकाणी आवळलेली होती. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं, स्मारकाच्या जागेवरून खडाजंगी झाली, पाळीच्या मजबुतीकरणाची चर्चा झाली. माझ्या मते यात पुतळ्याचा वाद सगळ्यात जास्त चालला, पण खरा प्रश्न साधा होता: तलावाभोवती सुशोभीकरण करताना जादा पाणी कुठून जाणार हे कुणी विचारलं होतं का? पेव्हर ब्लॉक, लाईट, सेल्फी पॉइंट यांचं उद्घाटन होतं. सांडवा साफ केल्याचं उद्घाटन कुणी केल्याचं ऐकलंय?

बुलढाण्याला यात आणखी एक पदर आहे. तलावातला गाळ-माती काढून महामार्गाला वापरायची आणि बदल्यात पाणीसाठा वाढवायचा, हा 'बुलढाणा पॅटर्न' देशभर गाजला. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेनेही जिल्ह्यात गाळ काढायचं मोठं काम केलं. कल्पना चांगलीच आहे, दुष्काळी भागाला याची गरज होती. मात्र पोकलेन कुठे लावायचं हे ठरलेलं असावं लागतं. पाळीच्या पायथ्याशी खोल खणलं तर पाळीचा आधारच निघून जातो. तलावाच्या तळातला घट्ट थर खरवडला गेला तर झिरपा वाढतो. म्हणून गाळ काढताना पाळीपासून अंतर सोडणं हा नियमापुरता मामला नाही.

मग आपण काय करायचं? अभियंता व्हायची गरज नाही. पुढच्या वेळी तलावावर गेलात की पाण्याचा फोटो काढून झाल्यावर पाळीच्या कोरड्या बाजूला खाली एक नजर टाका. ओल कुठे आहे? पाणी येत असेल तर स्वच्छ की गढूळ? पाळीचा माथा एखाद्या ठिकाणी खचलाय का? लांबीच्या दिशेने भेग दिसते का? सांडव्यात काय अडकलंय? आणि सांडवा वाहत असेल तर त्यात उतरू नका, गुडघाभर पाणीही पाय उचलतं.

ग्रामसभेत दोन प्रश्न विचारता येतात, माहिती अधिकारातही: हा तलाव कुणाच्या नोंदवहीत आहे, आणि पावसाळ्यापूर्वीची शेवटची तपासणी कधी झाली? पहिल्या प्रश्नाचंच उत्तर मिळायला वेळ लागला, तरी समजून जा.

गढूळ पाण्याची धार दिसली तर मात्र अर्जाची वाट बघू नका. आधी खालच्या वस्तीला सांगा, मग सरपंच, तलाठी, पोलीस पाटील आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. व्हिडिओ काढा, पण त्यात तारीख, तलावाचं नाव आणि पाळीवरची एखादी ओळखीची खूण येऊ द्या. नुसतं 'धरण फुटतंय' असं लिहून जुना व्हिडिओ फिरवला की खालच्या गावात पळापळ होते, आणि खऱ्या वेळी कुणी हलत नाही.