तेरा सेकंदांना न्याय, त्रेचाळीस वर्षांना वाट

जानेवारी उजाडला की अमेरिकेत भाकितांचे पेव फुटते. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलची बाद फेरी सुरू होते. ३२ पैकी १४ संघ उरतात. एकदा हरला तो घरी. मग दूरचित्रवाणीवरची पंडित मंडळी छातीठोकपणे सांगू लागतात, अमुकच जिंकणार! सुपर बोलसाठी सोमवारी पहाटे पाचला उठून नंतर डोळे चोळत कामावर जाणाऱ्यांपैकी आम्हीही आहोत. तेव्हा चार गोष्टी आम्हीही सांगितल्या तर बिघडले कुठे?

पहिल्या मानांकनाला भुलू नये, हे आमचे पक्के मत. २०२० च्या हंगामापासून दोन्ही गटांतल्या फक्त अव्वल संघाला पहिल्या फेरीत विश्रांती मिळते. पण २०२१ ते २०२५ या पाच वर्षांच्या अंतिम सामन्यांत अव्वल मानांकित संघ एकदाच जिंकला, २०२३ साली कॅन्सस सिटीचा चीफ्स. २०२१ चा विजेता टँपा बे तर पाचव्या मानांकनाचा होता!

मग पाहायचे काय? क्वार्टरबॅक, म्हणजे डाव आखून चेंडू फेकणारा मैदानावरचा सूत्रधार, त्याला घेरायला किती माणसे लागतात ते पाहावे. चौघांत काम भागत असेल तर उरलेले सात मागे राखणीला राहतात आणि चेंडू फेकायला जागाच उरत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या ईगल्सने जादा माणूस न धाडता पॅट्रिक महोम्सला सहा वेळा चेंडूसकट लोळवले आणि सामना ४०-२२ असा मारला. फेब्रुवारी २०२१ मध्ये टँपा बेनेही याच महोम्सची ३१-९ अशी कोंडी केली होती. म्हणून येत्या जानेवारीत चौघांत घेराव घालणारा संघ दिसला की आमचे मत त्याला, मग त्याचे मानांकन काहीही असो.

पण २०२१ चा तो व्यूह कोणाचा होता? टॉड बोल्स या कृष्णवर्णीय प्रशिक्षकाचा. त्याच संघाच्या आक्रमणाची सूत्रे बायरन लेफ्टविच या दुसऱ्या कृष्णवर्णीयाकडे होती, आणि समोरच्या चीफ्सच्या आक्रमणाची एरिक बिएनेमी या तिसऱ्याकडे. बोल्सना मुख्य प्रशिक्षकपद पुढच्या वर्षी, वरिष्ठ निवृत्त झाल्यावर मिळाले. लेफ्टविचना मिळालेच नाही. बिएनेमींच्या आधी त्याच खुर्चीत बसलेले डग पेडरसन आणि मॅट नॅगी हे दोन गोरे थेट दुसऱ्या संघांचे मुख्य प्रशिक्षक झाले. बिएनेमी मुलाखतीमागून मुलाखती देत राहिले. राबायला आणि जिंकून द्यायला हे चालतात, नेतृत्वाची वेळ आली की मात्र ‘योग्य उमेदवार’ शोधावा लागतो! आपल्याकडे बाळू पालवणकरांच्या फिरकीवर हिंदूंचा संघ सामने मारत होता, कर्णधारपद मात्र त्यांना कधी दिले गेले नाही. ते १९२३ साली त्यांच्या भावाला, विठ्ठलना मिळाले. आमच्या वाचकांना अधिक सांगायला नको.

आता २०२२ सालचे तीन महिने पाहा. जानेवारीत बफेलो आणि चीफ्स यांचा सामना झाला. तेरा सेकंद उरले असताना बफेलो पुढे होता; तेवढ्यात चीफ्सने बरोबरी साधली, जादा वेळेची नाणेफेक जिंकली आणि पहिल्याच डावात सामना संपवला. बफेलोच्या जॉश अॅलनच्या हाती चेंडू आलाच नाही. केवढा हा अन्याय! फेब्रुवारीत ब्रायन फ्लोरेस या कृष्णवर्णीय प्रशिक्षकाने संपूर्ण लीगवर वर्णभेदाचा दावा गुदरला. सलग दोन हंगाम हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकूनही मायामीने त्यांना काढले होते. त्या दिवशी ३२ संघांत कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक किती? एक, पिट्सबर्गचे माइक टॉमलिन. खेळाडूंत मात्र बहुसंख्य कृष्णवर्णीय. आणि मार्चमध्ये मालकांनी बैठक घेऊन नियम बदलला. कोणता? जादा वेळेचा! बाद फेरीत दोन्ही संघांना चेंडू मिळालाच पाहिजे, असे ठरले.

नियम चांगला आहे, आमची तक्रार नाही. पण तेरा सेकंदांची दखल दोन महिन्यांत घेणाऱ्या या लीगने कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४६ साली पुन्हा दार उघडले आणि आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, आर्ट शेल, नेमला १९८९ साली. त्रेचाळीस वर्षे! २००३ साली ‘रूनी नियम’ आला: मुख्य प्रशिक्षक नेमताना निदान एका अल्पसंख्य उमेदवाराची मुलाखत घ्या. मुलाखत घ्या, नोकरी देण्याची सक्ती नाही.

दारेही आपोआप उघडली नाहीत. १९४६ साली लॉस एंजलिसचे मैदान सार्वजनिक होते, म्हणून तिथल्या संघाला केनी वॉशिंग्टनला घ्यावे लागले. वॉशिंग्टनचा संघ सर्वांत शेवटी, १९६२ साली वाकला, कारण त्याचे नवे मैदान सरकारी जमिनीवर होते आणि केनेडी सरकारने डोळे वटारले. त्याच संघाला जानेवारी १९८८ मध्ये डग विल्यम्स या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकने ४२-१० असा सुपर बोल जिंकून दिला; त्यातले ३५ गुण एकाच सत्रात. ‘यांना चेंडू फेकता येतो, डाव आखता येत नाही’ म्हणणारे त्या रात्री कुठे होते कोण जाणे.

२०२३ आणि २०२५ च्या अंतिम सामन्यांत दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते. यापुढे तसे झाले तर बातमीही होणार नाही, हे आमचे दुसरे भाकीत. तिसरे जादा वेळेचे: नाणेफेक जिंकणाऱ्याने चेंडू आधी समोरच्याला द्यावा, म्हणजे आपल्याला किती गुण हवेत ते कळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने उलट केले आणि चीफ्सकडून २२-२५ असा मार खाल्ला. आणि साखळी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, ज्या सोमवारी प्रशिक्षकांच्या हकालपट्टीला सुरुवात होते, आमची वही उघडी असेल. डाव्या पानावर कोणाला काढले, उजव्या पानावर त्या जागी कोणाला घेतले.