सही सरपंचाची, निरोप कोणाचा?

शहापूर-मुरबाडच्या ग्रामपंचायतींत वित्त आयोगाचा निधी आज ई-ग्रामस्वराज प्रणालीतून खर्ची पडतो, तो सरपंच आणि सचिव यांच्या डिजिटल सह्यांनी. सहीची किल्ली यूएसबी टोकनात असते. संकेतस्थळाच्या पानावरील स्क्रिप्टला ती हाताळता येत नाही. म्हणून अशा व्यवस्थेत ती ब्राउझरच्या प्लगिनला किंवा संगणकातील सहायक प्रोग्रामला निरोप धाडते आणि सही होऊन उत्तर परतते. या निरोपात पुष्कळदा ना रक्कम असते, ना ठेकेदाराचे नाव. असते ती केवळ हॅश, आकड्या-अक्षरांची एक माळ! निरोप कोणत्या पानाकडून आला हे प्लगिनने तपासलेच नाही, तर भलतेच पानही सही मागू शकते.

हा तंत्रज्ञांचा प्रश्न म्हणून साथींनी हात झटकू नयेत. शहापूर हा अनुसूचित क्षेत्रातील तालुका. १९९६ च्या पेसा कायद्याने निधीच्या विनियोगाचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तेथील आदिवासी सरपंच बाई टोकन आणि पासवर्ड परिचालकाच्या खणात ठेवून घरी जात असेल, तर तो तिचा अडाणीपणा नव्हे. तिला वाचताच येणार नाही अशा निरोपावर तिची सही मागणाऱ्या व्यवस्थेचा तो उद्दामपणा आहे. सहीपूर्वी काम, रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव पडद्यावर मराठीत आलेच पाहिजे, ही मागणी पंचायत समितीच्या दारात नेऊ या. तोवर टोकन सरपंचाच्याच हाती राहील, एवढे तरी प्रत्येक ग्रामसभेने ठरावाने बजावावे.