लाज कुणाची?

दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. मराठी साहित्यविश्वानं ते डोक्यावर घेतलं. आपल्यातल्याच काही शिकलेल्यांना मात्र राग आला. घरातली लक्तरं वेशीवर कशाला टांगली? आजही आपला कवी, शाहीर, सिनेमावाला याच कात्रीत सापडतो.

मित्रांनो, दोन्ही प्रतिक्रिया तपासून घ्या. सवर्णांच्या कौतुकात बऱ्याचदा नुसती हळहळ असते. बलुतं लादलं कुणी, हा प्रश्न नसतो. आपल्या माणसाच्या रागामागे भीती असते. जात कळली तर भाड्याचं घर जाईल. ती भीती खरी आहे, ती समजून घ्या. पण तिच्यापायी लेखणी थांबवू नका. लाज वाटायचीच तर आपल्याला गावकुसाबाहेर ठेवणाऱ्यांना वाटावी. लिहिणाऱ्यानं ती का वाहावी?

जयभीम!