रानातून आलेला मुलगा

मूल घर सोडून रानात गेले आणि कंदमुळे खाऊन राहिले, ही कल्पना मुलांपेक्षा मोठ्यांनाच अधिक भुरळ घालते. दक्षिण फ्रान्समधल्या आवेरोनच्या मुलाची हकिकत म्हणून नीट पाहिली पाहिजे. १७९७च्या सुमारास लाकोनच्या रानात तो उघडानागडा फिरताना दिसू लागला. लोकांनी दोनदा धरला, दोन्ही वेळा निसटला. अखेर जानेवारी १८००मध्ये, ऐन थंडीत, तो आपणहून एका रंगाऱ्याच्या घरी आला. वय अंदाजे बारा. गळ्यावर लांब व्रण. कोणीतरी गळा चिरून त्याला रानात टाकले असावे, असा डॉक्टर झाँ इतार यांचा तर्क होता. म्हणजे हौसेने रानात गेलेला हा मुलगा नव्हेच.

पॅरिसमध्ये ‘निसर्गातला माणूस’ पाहायला गर्दी लोटली. पिनेल या नामवंत वैद्याने त्याला जन्मजात मतिमंद ठरवले. इतार यांना ते पटले नाही. त्यांनी मुलाचे नाव व्हिक्टर ठेवले आणि पाचेक वर्षे त्याला शिकवले. काही शब्द अक्षरांनी जुळवण्यापर्यंत मजल गेली, बोलणे काही आले नाही. 

पण व्हिक्टरला धरून ठेवले ते त्याचा सांभाळ करणाऱ्या मादाम गेरँ यांनी. एकदा तो पॅरिसमधूनही पळाला, पकडला गेला, पंधरवडाभर कोठडीत राहिला. बाई न्यायला आल्या तेव्हा तो पांढराफटक पडला, क्षणभर शुद्ध हरपली आणि मग आनंदाने ओरडू लागला. त्यांचे पती वारले त्या दिवशी त्याने सवयीने त्यांचेही ताट मांडले. बाईंना रडू फुटलेले पाहून ते उचलले आणि पुन्हा कधी मांडले नाही. १८२८मध्ये मरेपर्यंत तो त्यांच्याकडेच होता.

पळालेल्या मुलाला कोणाकडे परतायचे आहे, हा प्रश्न आपल्याकडेही येतो. इथे ते मूल अनेकदा रेल्वेच्या फलाटावर सापडते. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार त्याला चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते आणि समितीने सामाजिक चौकशी करवून घ्यायची असते. पालक दारात ताटकळलेले, पोलिसांना प्रकरण मिटवण्याची घाई आणि मूल गप्प. अशा वेळी ही चौकशी कागदापुरती उरण्याचा धोका असतो. मूल कशाला भिऊन निघाले आणि कोणाकडे परतायला राजी आहे, हे पालकांना बाहेर बसवूनच विचारावे लागेल. ते कळेपर्यंत परतीचे तिकीट काढू नये.